बरणीतला माणूस

(शरीररचना संग्रहालय पाहायला येणाऱ्या सर्वसामान्य वाचकांसाठीच्या मार्गदर्शिकेची प्रस्तावना)

वेरूळला येणारे बहुतेक लोक कैलास लेणं पाहून दमतात आणि बसकडे वळतात. त्यांनी आणखी थोडं उत्तरेकडे चालत एकविसाव्या लेण्यापर्यंत जावं. रामेश्वर नावाच्या त्या लेण्यात सप्तमातृका बसलेल्या आहेत आणि त्यांच्या सोबतीला काल आणि काली यांचे हाडांचे सापळे कोरलेले आहेत. पोट पाठीला टेकलेलं, कातडी हाडाला चिकटलेली, बरगडी न् बरगडी वेगळी. कोरणाऱ्याने हे कुठे पाहिलं असेल, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. या मुलखाला दुष्काळ काही परवाचा नाही. पण त्याची छिन्नी बरगडीपाशी थांबते. बरगडीच्या आत काय आहे, हे त्याला दाखवायचं नव्हतं.

तिथून तीसेक किलोमीटरवर, पाणचक्कीच्या शेजारी, ते दाखवणारी जागा आहे. १९५६ साली सुरू झालेलं इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय सगळ्या मराठवाड्याला ‘घाटी’ म्हणून माहीत आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे कॉलेज आणि नवा नकाशा दोन्ही एका वयाचे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून पेशंट घेऊन येणाऱ्याला घाटीची ओपीडी पाठ असते, अपघात विभाग पाठ असतो, रक्तपेढी कुठे आहे हे तो दुसऱ्यालाही सांगू शकतो. शरीररचनाशास्त्र विभागाकडे मात्र त्याचे पाय कधी वळत नाहीत. वळायचं कारणच नसतं. तिथे कुणी औषध देत नाही.

वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की शरीररचनेचं संग्रहालय नियमानेच लागतं. घाटीला लागतं तसं एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाला लागतं. शासकीय दंत महाविद्यालयातली मुलंही शरीररचना शिकतात आणि आयुर्वेदाची मुलं तीच ‘रचना शारीर’ या नावाने शिकतात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, जतन केलेल्या मानवी अवयवांनी भरलेल्या खोल्या एकापेक्षा जास्त आहेत आणि शहराच्या गप्पांत त्यांचा कधी उल्लेख होत नाही. बीबी का मकबरा पाहिलाय का, असं पाहुण्याला विचारणारा शहरकर स्वतःच्या यकृतासारखं यकृत कधी पाहिलंय का, असं विचारत नाही. हे पुस्तक त्या खोल्यांचं दार डॉक्टर नसलेल्या माणसासाठी थोडं किलकिलं करतं, म्हणून मी त्याची प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो.

आता पहिला आक्षेप. चित्रं आहेत, प्लॅस्टिकची मॉडेलं आहेत, मोबाइलवर हवं तसं फिरवून बघता येणारं शरीर आहे, मग बरण्या कशाला? अनेक वर्षं हा विषय शिकवल्यावर माझं उत्तर साधं आहे. चित्रात शरीर दिसतं, बरणीत कुणा एकाचं शरीर दिसतं. चित्र काढणाऱ्याने शंभर माणसांची सरासरी काढून एक सुबक माणूस तयार केलेला असतो. असा माणूस जन्माला आलेला नाही. बरणीतला माणूस जन्माला आला होता, कुठल्या तरी गावात वाढला होता, आणि त्याचं मूत्रपिंड पुस्तकातल्यासारखं असेलच याची त्याने कुणाला हमी दिली नव्हती. या पुस्तकातलं एकूण एक प्रकरण या एका फरकाभोवती फिरतं, म्हणून इथे त्यावर जरा रेंगाळतो.

घोड्याच्या नालेसारखं मूत्रपिंड घ्या. गर्भात दोन्ही मूत्रपिंडं ओटीपोटात तयार होतात आणि मग वर सरकत बरगड्यांखाली पोचतात. साधारण चार-पाचशे माणसांत एखाद्याची ती खालच्या टोकांना जुळलेली असतात. जुळलेली जोडी वर निघाली की वाटेत महाधमनीतून पुढे निघालेली एक रक्तवाहिनी आडवी येते आणि ती तिथेच अडते. असा माणूस आयुष्यभर धडधाकट राहू शकतो. त्याला स्वतःला काही कळत नाही, कधी तरी सोनोग्राफीत सापडतं. एमबीबीएसचा पहिल्या वर्षाचा मुलगा चौरसियांच्या पाठ्यपुस्तकात ही ओळ वाचतो, अधोरेखित करतो आणि विसरतो. बरणीत ती जुळलेली जोडी पाहिली की विसरत नाही. पुढे सर्जन झाल्यावर पित्ताशय काढताना त्याच्या शेजारच्या बोटभर जागेतल्या धमन्यांची मांडणी पुस्तकाप्रमाणे असेल असं तो गृहीत धरत नाही, याचं मूळ त्या बरणीत असतं. पोट उघडल्यावर समोर सरासरी माणूस कधीच नसतो.

हे पाहायला संग्रहालयातच जायला हवं असंही नाही. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहिली तर तुमच्या हातात पामॅरिस लॉंगस नावाचा स्नायू आहे. नाही राहिली तर घाबरू नका, पुष्कळांकडे तो नसतो. काहींच्या एका हातात असतो आणि दुसऱ्यात नसतो. हाताच्या ताकदीत त्याने जाणवण्यासारखा फरक पडत नाही, म्हणूनच दुसरीकडे कंडरा तुटली तर प्लॅस्टिक सर्जन ही दोरी काढून तिथे वापरतात. शाळेच्या मुलांना मी हा प्रयोग पहिल्यांदा करायला लावतो. सगळा वर्ग एकमेकांची मनगटं तपासू लागतो आणि शरीरं सारखी नसतात हे सांगायची गरज उरत नाही.

दुसरं उदाहरण आवाजाचं. घशातल्या स्वरयंत्राला हलवणारी डावी नस मेंदूकडून येते, घशाजवळून सरळ खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर घशाकडे चढते. चित्रात हा वळसा विक्षिप्त वाटतो, दाखवण्यासाठी मुद्दाम लांबवल्यासारखा. छाती उघडून मांडलेल्या नमुन्यात पिवळ्या रंगाने रंगवलेली ती नस बोटाने मागोवा घेत पाहिली की कळतं, आवाज बसला म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला का सांगतात. रोग फुप्फुसाच्या मुळाशी असतो आणि तक्रार गळ्यातून येते.

पिवळ्या रंगाने रंगवलेली, असं मी म्हटलं ते मुद्दाम. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, शरीरात धमन्या लाल, शिरा निळ्या आणि नसा पिवळ्या असतात. तसं नसतं. जतन केलेल्या देहात सगळंच मातकट, करड्या रंगाचं होतं, म्हणून शिकवणारे ब्रशने रंग देतात. यामागे रसायनशास्त्र आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

कुजणं म्हणजे पेशींतली विकरं आणि जंतू प्रथिनांचे तुकडे करत जाणं. फॉर्मलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड, प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधून टाकतं. मग विकरांना काही तोडता येत नाही आणि जंतूंना काही खाता येत नाही. १८९३ साली फ्रँकफर्टचा डॉक्टर फेर्डिनांड ब्लूम हे द्रव्य जंतुनाशक म्हणून तपासत होता. काम करता करता स्वतःच्या बोटांची कातडी कडक झालेली त्याला दिसली आणि हे ऊतकं टिकवायलाही चालेल हे त्याच्या लक्षात आलं. त्याआधीची दोन शतकं अशा बरण्या दारूच्या अर्कात ठेवल्या जात. ॲमस्टरडॅमच्या फ्रेडरिक रुइशने तशा शेकडो बरण्या भरल्या, बाळांच्या जतन केलेल्या अवयवांना लेसने सजवलं आणि १७१७ साली सगळा संग्रह रशियाच्या पीटर द ग्रेटला विकला. रंग टिकावा म्हणून १८९७ मध्ये कायसरलिंगने तीन द्रावणांची रीत काढली. ती पॅथॉलॉजीच्या संग्रहालयांत अजून वापरतात. देहासाठी मात्र आपल्याकडे तीच जुनी पद्धत आहे. मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मलिन, फिनॉल, ग्लिसरीन वगैरेंचं मिश्रण सोडायचं, मग देह टाकीत ठेवायचा आणि महिन्यांनी टेबलावर घ्यायचा. डोळ्यांतून पाणी काढणारा वास त्याच द्रव्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलं आहे, म्हणून हॉलमध्ये हवा खेळती ठेवणं ही चैन नाही.

या सगळ्या कामात ज्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात येत नाही ते म्हणजे डिसेक्शन हॉलमधले मामा. कुठली बरणी गळतेय, कुठल्या बरणीतलं द्रावण पिवळं पडलंय, कुठला सांगाडा मुलांनी ओढून निखळवलाय, हे त्यांना विभागप्रमुखांच्या आधी माहीत असतं. “मामा, ती वरची बरणी जरा खाली घेता का?” असं म्हटल्यावर ते जी बरणी खाली घेतात ती दोन हातांनी, पोटाशी धरून घेतात. प्रेक्षकांनी तेवढं शिकून घेतलं तरी पुष्कळ.

फॉर्मलिनच्या उलट टोकाला सुश्रुत उभा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, मृत देह कसा अभ्यासावा याची कृती दिली आहे. देह धडधाकट माणसाचा हवा, विषाने किंवा फार दिवसांच्या आजाराने गेलेल्याचा नको. आतड्यातला मळ काढून तो मुंज, कुश, ताग अशा कशात तरी गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवायचा आणि वाहत्या नदीत आडोशाला बुडवून ठेवायचा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत कातडीपासून आत एकेक थर पाहायचा. शस्त्र लावायचंच नाही, पाणी आणि कुजणं हेच शस्त्र. म्हणजे सुश्रुत देह कुजवून शिकवतो आणि आपण कुजणं थांबवून. त्याच्या विद्यार्थ्याला एकदाच, घाईने, नाकाला पदर लावून पाहावं लागत असेल. आमचा विद्यार्थी तेच हृदय वर्षभर पाहतो, आणि कदाचित म्हणूनच कमी लक्ष देऊन पाहतो. सुश्रुत हाडं ३०० मोजतो, आपण प्रौढ माणसात २०६. फरक चुकीचा कमी आणि मोजण्याच्या पद्धतीचा जास्त आहे: दात आणि कूर्चा तो हाडांत धरतो. शास्त्र वाचलेला आणि डोळ्यांनी पाहिलेला, असा दोन्ही बाजूंनी पक्का वैद्यच त्याला हवा होता. ही मागणी आजच्या अभ्यासक्रम समितीलाही पेलेल की नाही कोण जाणे.

पुढे ही पाहण्याची सवय सुटली, आणि शतकांनी ती परत आली तेव्हा बाहेरून आली. १८३६ साली कोलकात्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, ही घटना सगळ्यांना माहीत असते. त्याही आधी, १८२६ मध्ये, मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांनी देशी मुलांसाठी वैद्यकशाळा काढली होती आणि तिथे देशी भाषांतून शिकवलं जात होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. ती १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं, त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. आज मुंबईत त्यांच्या नावाने जे संग्रहालय आहे ते कलावस्तूंचं आहे. पण ज्या माणसाच्या नावाने ते आहे त्याचं शिक्षण डिसेक्शनच्या टेबलापाशी झालं, ही गोष्ट मला आवडते.

आपल्या परंपरेत शरीराच्या आत पाहणारी आणखी एक नजर आहे, ती वैद्याची नाही, विरक्ताची. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला पहिला समास गर्भवासाचं आणि देहाचं असं वर्णन करतो की वाचणाऱ्याला स्वतःचीच किळस यावी. पाली परंपरेत भिक्खू शरीराच्या ३२ भागांची यादी मनात घोळवतात: केस, नखं, दात, त्वचा, मांस, हाडं, हृदय, यकृत असं करत करत मेंदूपर्यंत. यादी नेमकी आहे, हेतू मात्र मोह तोडण्याचा. संग्रहालयात पाय ठेवणाऱ्या मराठी माणसाच्या मनात ही जुनी शिकवण नकळत असतेच. ‘शेवटी काय, माती’, असं कुणी तरी बरणीपुढे म्हणतंच. मला त्यात चूक दिसत नाही, पण तिथे थांबलं तर बरणीतलं काहीच पाहिलं नाही असं होतं. तीन मिलिमीटरचं कानातलं रिकिबीचं हाड पाहून वैराग्य येत असेल तर येवो. मला तरी ते पाहून अजून हसू फुटतं.

भीती दाखवणारी प्रदर्शनं हा आणखी एक प्रकार. तंबाखूने सडलेला जबडा, दारूने दगड झालेलं यकृत, धुराने काळं पडलेलं फुप्फुस, खाली लाल अक्षरात इशारा. जत्रेत, शाळेत, स्नेहसंमेलनात हेच टेबल सगळ्यात पुढे मांडलेलं असतं. माणूस ते पाहतो, च्‌ च्‌ करतो आणि फाटकाबाहेर येऊन तळहातावर तंबाखू मळायला घेतो. या पुस्तकाच्या लेखकांनी तो मार्ग टाळला, याबद्दल त्यांचे आभार. त्यांनी रोगाच्या आधी निरोगी अवयव दाखवला आहे. निरोगी यकृत दीड किलोचं, गुळगुळीत, उजवीकडे बरगड्यांखाली लपलेलं असतं हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला बिघडलेल्या यकृताचा अर्थ लागणार कसा?

निरोगी अवयव पाहिल्याने काय बदलतं, याचं उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न पुढे आला. तिशी-पस्तिशीतल्या, कधी त्याहून लहान, हजारो बायकांची ‘पिशवी काढलेली’, म्हणजे गर्भाशय काढलेलं होतं. शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा झाला की दंड, पाळीत फडावर सोय नाही, पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती. या सगळ्यात डॉक्टरांचा लोभ, मुकादमाचा धाक आणि गरिबी यांचा वाटा मोठा आहे. एखाद्या बरणीने तो प्रश्न सुटला असता असं म्हणणं बालिश होईल. पण मी बचत गटांच्या बायकांना संग्रहालयात गर्भाशय दाखवलं आहे. साडेसात सेंटीमीटर लांब, पाच रुंद, अडीच जाड. “एवढंसंच?” हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न बाजूच्या बदामाएवढ्या अंडाशयांकडे बोट दाखवून: “ह्ये बी काढत्यात का?” तो प्रश्न विचारायला त्यांना शब्द नव्हते असं नाही, दाखवायला वस्तू नव्हती. तरुणपणी अंडाशयंही गेली तर पाळी लवकर संपते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, हे त्यानंतर सांगावं लागतं आणि तेव्हा ते ऐकलं जातं. मोठ्या सभेत पडद्यावर दाखवलेलं चित्र हे काम करत नाही. करतं असं मला कुणी दाखवून दिलं तर मी मत बदलेन.

आता अवघड भाग. बरणीतला माणूस कुणी एक असतो, असं म्हटलं की पुढचा प्रश्न टळत नाही: कोण? आणि त्याला विचारलं होतं का?

लंडनच्या जॉन हंटरने अठराव्या शतकात उभा केलेला संग्रह जगात सर्वात नावाजलेला. त्यातला मोठा भाग १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला, पण चार्ल्स बर्नचा सांगाडा वाचला. बर्न हा आयर्लंडचा साडेसात फुटांहून उंच तरुण, जत्रांतून स्वतःला दाखवून पोट भरणारा. मेल्यावर हंटरच्या हाती पडू नये म्हणून त्याने आपला देह समुद्रात बुडवायला सांगितलं होतं. १७८३ मध्ये तो गेला, हंटरने पैसे चारून देह मिळवला आणि सांगाडा दोन शतकं काचेमागे उभा राहिला. २०२३ मध्ये संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढलेला होता. त्याच्याकडून शिकण्यासारखं होतं, त्याचा उंचीचा आजार पीयूष ग्रंथीचा होता हे त्याच्या कवटीवरूनच पुढे सिद्ध झालं. तरीही तो काढला हे बरोबर झालं, असं माझं मत आहे. ‘नको’ असं स्पष्ट सांगून गेलेल्या माणसाकडून शिकायचं नसतं.

प्लॅस्टिनेशनच्या प्रदर्शनांचंही असंच. १९७७ मध्ये हायडेलबर्गला ग्युंथर फॉन हागेन्सने ही पद्धत काढली. थंड ॲसिटोनने शरीरातलं पाणी आणि चरबी बाहेर काढायची, मग निर्वातात त्या जागी सिलिकॉन भरायचं. देह कोरडा, बिनवासाचा, हाताळता येण्याजोगा होतो. १९९५ मध्ये जपानमध्ये पहिलं प्रदर्शन झालं आणि पुढे जगभर रांगा लागल्या. त्याची नक्कल करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या प्रदर्शनातले देह चीनहून आणलेले होते. ते फाशी दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही देऊ शकत नाही, अशी पाटी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी कंपनीला दारावर लावायला भाग पाडलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या न्यायालयाने तसंच एक प्रदर्शन बंद केलं.

चीनकडे बोट दाखवताना आपली बोटंही पाहावीत. परदेशी वैद्यकीय विद्यार्थी दशकानुदशकं जी हाडं हातात धरून शिकले त्यांतली बहुतेक भारतातून गेलेली होती. १९८५ मध्ये सरकारने निर्यात बंद केली तोवर हा उघड व्यापार होता. आपल्या कॉलेजांत सीनियरकडून ज्युनियरला विकला जाणारा बोन सेट, ज्यावर खुणांसाठी पेन्सिलीने नावं लिहिलेली असतात, तोही कुणाचा होता हे त्या साखळीतल्या कुणालाच माहीत नसतं. १९४९ चा बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्ट बेवारस देह शिक्षणासाठी देण्याची सोय करतो. कायदा आवश्यक होता. पण बेवारस म्हणजे कोण? स्टेशनवर, रस्त्यावर, सरकारी वॉर्डात मेलेला, ज्याला न्यायला कुणी आलं नाही तो. अनेक वर्षं या महाराष्ट्रातले डॉक्टर मुख्यतः गरिबांच्या देहावर शिकले आणि मग श्रीमंतांच्या दवाखान्यात गेले. अलीकडे पहिल्या वर्षाची मुलं देहापुढे शपथ घेतात. चांगली पद्धत आहे, पण शपथ घेताना तो देह देणाऱ्याने दिलेला आहे की न विचारता आलेला आहे, हेही त्यांना सांगायला हवं.

देहदानाने हे चित्र बदलत चाललं आहे. २०१० च्या जानेवारीत कोलकात्यात ज्योती बसू गेले, त्यांचा देह तिथल्या सरकारी रुग्णालयाला दिला गेला. पुढच्याच महिन्यात चित्रकूटला नानाजी देशमुख गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला गेला. एक आयुष्यभराचे कम्युनिस्ट, दुसरे संघाचे. नानाजींचा जन्म आमच्या मराठवाड्यातला, हिंगोलीजवळच्या कडोलीचा. टेबलावर दोघांच्याही महाधमनीची कमान डावीकडेच वळली असणार. हा विनोद मी वर्गात करतो, तो इथेही राहू द्या.

म्हणून लेखकांना मी एक सूचना केली आणि त्यांनी ती मानली. प्रत्येक नमुन्याच्या वर्णनात, माहीत असेल तिथे, तो दानातून आला की बेवारस देहातून, हे एका ओळीत सांगितलं आहे. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असं छापलं आहे. जुन्या बरण्यांपुढे ही ओळ पुष्कळदा येते.

पाहण्याचा क्रम पुस्तकाने हाडांपासून सुरू केला आहे आणि तो बरोबर आहे. हाडं ओळखीची वाटतात: वाटी, नडगी, मणका, माकडहाड हे शब्द घरचे आहेत. मग हृदय घ्यावं. त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड का, हे स्वतः ताडून पाहावं, उत्तर पान उलटल्यावर दिलं आहे. गर्भांच्या बरण्या शेवटी. त्यांत कवटीचं छत न बनलेली बाळं असतील. मेंदूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधी. म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मूल हवं असं ठरवल्यापासून घ्यायच्या असतात. ज्या घरात असं बाळ गेलेलं आहे तिथल्या माणसाने ही रांग टाळली तरी चालेल, बरोबरच्यांनी आग्रह करू नये. परवानगी विभागप्रमुखांकडून आधी काढावी. फोटो काढू नयेत, बरण्यांवर टकटक करू नये.

संग्रहालय पाहून बाहेर पडताना देहदानाचा फॉर्म मागणारे दोघे-चौघे दर वेळी असतात, त्यांच्यासाठी चार ओळी. फॉर्म विभागातच मिळतो, त्यावर नातेवाइकांच्या सह्या लागतात. मृत्यूनंतर निर्णय प्रत्यक्षात घरच्यांच्याच हातात असतो, म्हणून त्यांच्याशी आधी बोलावं. पोस्टमॉर्टम झालेला, फार भाजलेला किंवा कावीळ-बी, एचआयव्हीसारखा संसर्ग असलेला देह साधारणतः स्वीकारत नाहीत. नेत्रदान करून मग देहदान करता येतं, पण डोळे काही तासांतच घ्यावे लागतात, तेव्हा नेत्रपेढीला फोन आधी. मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. आणि भरलेला फॉर्म कपाटात कुलूपबंद न ठेवता त्यावर विभागाचा फोन नंबर ठळक लिहून तो कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना सांगून ठेवावं.